गर्जना आणि मोजमाप : संगणकाच्या स्पीकरमागचा शतकभराचा इतिहास

१/
स्वातंत्र्यपूर्व काळातील राजकीय सभांची छायाचित्रे बारकाईने पाहा. गांधीजींच्या किंवा पंडित नेहरूंच्या पुढ्यातील मायक्रोफोनवर अनेकदा एक पाटी दिसते : 'शिकागो रेडिओ'. नाव अमेरिकन शहराचे. उद्योग मात्र सिंधमधून आलेल्या मोटवाने कुटुंबाचा. याच कुटुंबाच्या उद्योगाची एक शाखा आपल्या नाशिक रोडला आहे. आजचा थ्रेड त्या पाटीपासून निघून आपल्या टेबलावरच्या डॅक आणि ॲम्प्लिफायरपर्यंत जातो.

२/
संगणकाला चांगले स्पीकर जोडायचे म्हटले की दोन प्रश्न हमखास उभे राहतात. बाहेरून जोडायचा डॅक कोणता घ्यावा? ॲम्प्लिफायर किती वॉटचा असावा? वरवर पाहता यात इतिहासाचा संबंध नाही. परंतु ध्वनीच्या साखळीतील प्रत्येक दुवा एका विशिष्ट काळी, एका विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून जन्माला आला. ती अडचण आपल्याला आहे की नाही, हे कळले की निम्मा खर्च आपोआप वाचतो.

३/
प्रथम ॲम्प्लिफायर. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वक्त्याचा आवाज जिथवर पोहोचेल तिथवरच सभा. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट याने 'ऑडिऑन' ही निर्वात नळी तयार केली आणि क्षीण विद्युत्-संकेत वाढविण्याचा मार्ग खुला झाला. १९१९ मध्ये सॅन डिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी 'मॅग्नाव्हॉक्स'च्या ध्वनिक्षेपकांवरून प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी चलकुंडल स्पीकरचे तत्त्व सिद्ध केले. आपल्या टेबलावरचा स्पीकर आजही बहुधा त्याच तत्त्वावर चालतो.

४/
आता मोटवाने. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमधील सक्कर येथे विद्युत्-साहित्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे हा व्यवसाय कराचीमार्गे मुंबईत आला आणि 'शिकागो' हे नाव त्याला जडले. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम ग्यानचंद यांचे पुत्र नानक मोटवाने यांनी अंगावर घेतले. गांधीजींचा आवाज स्वभावतः मृदू होता. तो हजारोंच्या कानी जाण्यामागे या यंत्रसामग्रीचा वाटा मोठा आहे.

५/
उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक लावणाऱ्या कोणालाही तीन प्रश्न सोडवावेच लागतात. ऐकणारे किती आणि किती अंतरावर आहेत? भोवती गोंगाट किती आहे? वीज कोठून आणि कशी मिळणार? यंत्राची निवड या तिन्हींच्या उत्तरांवरून ठरते. आपण दुकानात नेमके उलटे करतो : आधी यंत्र पाहतो आणि मग त्याच्यासाठी गरज शोधतो. हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी ते लागणार आहेत.

६/
या आवाजाला राजकीय किंमत होती. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले आणि मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. ४२.३४ मीटरवर चालणारे हे केंद्र जागा बदलत बदलत १२ नोव्हेंबरपर्यंत टिकले. त्या दिवशी पोलिसांनी छापा घातला. खटल्यातील आरोपींत नानक मोटवाने हेही होते. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवाने निर्दोष सुटले. यंत्रसामग्री पुरविणारा माणूसही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने संशयित ठरावा, एवढे मोल वाढविलेल्या आवाजाला आले होते.

७/
आवाज वाढला, पण वाढता वाढता तो विकृतही होई. यावरचा निर्णायक उपाय हॅरल्ड ब्लॅक या बेल प्रयोगशाळेतील अभियंत्याला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना फेरीबोटीत सुचला आणि त्याने तो हातातील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा फिरवून पुन्हा आत द्यायचा, म्हणजे चूक स्वतःच स्वतःला खोडते. ही 'ऋण प्रतिपुष्टी'. आजचा नीट बांधलेला साधासा ॲम्प्लिफायरही कानाला जाणवेल एवढी विकृती सहसा करीत नाही. त्याचे श्रेय बव्हंशी या कल्पनेला आहे.

८/
आपल्याकडे ॲम्प्लिफायरचे लोकशाहीकरण झाले ते चिपमुळे. 'टीबीए ८१०', पुढे सान्योची 'एलए ४४४०' या चिपभोवती बांधलेले बोर्ड रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांतून मिळू लागले. लाकडी पेटी, एक ट्रान्सफॉर्मर, 'फोर-फोर-फोर-झिरोचा बोर्ड' आणि दोन स्पीकर, एवढ्यावर कित्येक घरांत गाणी वाजली. या ४४४० ची अधिकृत क्षमता होती दोन वाहिन्यांना प्रत्येकी ६ वॉट, किंवा दोन्ही एकत्र जोडल्यास १९ वॉट. तेवढ्यावर मधली खोली भरून जाई. हा आकडा लक्षात ठेवावा.

९/
कारण नंतर आले ते 'पीएमपीओ'चे युग. १९९० च्या दशकात आणि पुढेही संगणकाच्या स्पीकरच्या खोक्यांवर हजार-दोन हजार वॉटच्या चिकट्या झळकू लागल्या. पीएमपीओ हे कोणत्याही मान्य मानकावर आधारलेले माप नाही. क्षणार्धापुरत्या काल्पनिक शिखराला दिलेले ते भारदस्त नाव आहे. अशीच फुगवाफुगवी अमेरिकेत आधी झाली होती. तेथील 'फेडरल ट्रेड कमिशन'ने १९७४ मध्ये नियम करून सलग देता येणारी शक्ती जाहीर करणे बंधनकारक केले. आपण 'आरएमएस' म्हणून जो आकडा पाहतो, तो याच सलग शक्तीच्या मापाचा.

१०/
फुगविलेला आकडा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. यंत्राच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर म्हणजे २४ वॉट. यंत्र याहून अधिक शक्ती सलग बाहेर देऊच शकत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम जाहिरातीसाठी रजा घेत नाही. आजच्या छोट्या 'क्लास डी' ॲम्प्लिफायरना हे विशेष लागू पडते. ८ ओहमच्या स्पीकरला अशा यंत्रातून १२ व्होल्टवर प्रत्येक बाजूस फार तर ९ वॉट स्वच्छ मिळतात. २४ व्होल्टवर ३६. खोक्यावर काहीही छापलेले असो.

११/
मग किती वॉट हवेत? येथे डेसिबल कामी येतो. हे माप १९२० च्या दशकात दूरध्वनीच्या तारांतील क्षय मोजण्यासाठी रूढ झाले. स्पीकरच्या माहितीपत्रकात 'संवेदनक्षमता' दिलेली असते : १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल. समजा ती ८६ आहे. १० वॉटला ९६, १०० वॉटला १०६. शक्ती दसपट केल्यावर केवळ १० डेसिबलची भर पडते. शक्ती दुप्पट केली तर अवघे ३.

१२/
तुलनेसाठी : समोरासमोरचे साधे संभाषण सुमारे ६० डेसिबल. प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलच्या पुढे नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. आपण टेबलापाशी स्पीकरपासून हाताच्या अंतरावर बसतो. म्हणजे बहुतेक वेळ यंत्र एक वॉटही खर्चीत नाही. संगीतातील अकस्मात उसळणाऱ्या शिखरांसाठी थोडी शिल्लक हवी, इतकेच. खऱ्या २० ते ३० वॉटचा ॲम्प्लिफायर टेबलासाठी भरपूर झाला. १०० वॉटसाठी अधिक मोजलेले पैसे कपाटात ठेवलेल्या छत्रीप्रमाणे पडून राहतील.

१३/
कायद्याचेही पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. सातपूरमध्ये कारखाने व घरे एकमेकांना खेटून आहेत, म्हणून हा भेद येथे रोजच्या अनुभवाचा आहे. रात्री कमी आवाजात स्पष्ट ऐकू येणे, हा आपला खरा निकष असायला हवा. अभ्यास करणाऱ्यांचे ऐकणे बहुधा रात्रीच असते.

१४/
आता डॅककडे वळू. डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर : आकड्यांचे पुन्हा विद्युत्-लहरीत रूपांतर करणारा दुभाषा. त्याची मूळ कल्पना संगीताची नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये काम करणारा ब्रिटिश अभियंता ॲलेक रीव्ह्ज दूरध्वनीतील खरखरीने त्रस्त होता. संकेत जितका लांब जाई तितकी खरखर त्याला चिकटे. त्याने सुचविले : आवाज पाठवूच नका, ठरावीक क्षणांना त्याची उंची मोजा आणि ते आकडे पाठवा. आकडा ओळखता आला, की वाटेतली खरखर गळून पडते.

१५/
किती वेळा मोजायचे, याचे गणित नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांच्या कामातून स्पष्ट झाले : सर्वांत उंच स्वराच्या दुपटीहून अधिक वेळा. माणसाला ऐकू येण्याची सीमा सुमारे २०,००० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ४०,००० हून थोडी अधिक मोजमापे पुरेत. मग सीडीसाठी ४४,१०० हा विचित्र आकडा का आला? कारण आरंभी ही मोजमापे साठवायला व्हिडिओ-टेपच वापरली जाई. एका रेषेवर ३ मोजमापे, २४५ रेषा, सेकंदाला ६० क्षेत्रे : गुणाकार करून पाहा. युरोपीय पद्धतीत ३ गुणिले २९४ गुणिले ५०. उत्तर तेच.

१६/
दुसरा वाद होता प्रत्येक मोजमाप किती बारकाईने घ्यायचे याचा. फिलिप्सचा कल १४ बिटकडे, सोनीचा आग्रह १६ बिटचा. सोनीचे म्हणणे मान्य झाले; पण फिलिप्सजवळ चिप १४ बिटचीच होती. त्यांच्या अभियंत्यांनी ती चौपट वेगाने चालवून १६ बिटच्या तोडीचे काम करून घेतले. ही 'ओव्हरसॅम्पलिंग'ची युक्ती आज जवळजवळ प्रत्येक डॅकमध्ये आहे. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या आणि सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला. पंखा चालू असलेल्या आपल्या खोलीत एवढा पल्ला पुरतेपणी वापरणेही कठीण. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला सीडी-प्लेअर विक्रीस आला. घरी ऐकण्यापुरता रूपांतराचा मूळ प्रश्न त्या दिवशी बराचसा सुटला होता.

१७/
तर मग बाहेरचा डॅक कशासाठी? याचे उत्तर संगणकाच्या इतिहासात आहे. आरंभीचे वैयक्तिक संगणक केवळ 'बीप' करीत. १९८९ मध्ये सिंगापूरच्या 'क्रिएटिव्ह'ने 'साउंड ब्लास्टर' कार्ड आणले. १९९७ मध्ये इंटेलच्या 'एसी ९७' मानकानंतर ध्वनीची सोय मदरबोर्डवरच होऊ लागली. ती स्वस्त झाली. पण नाजूक ॲनालॉग संकेत आता प्रोसेसर, पंखे आणि वीजपुरवठा यांच्या शेजारी नांदू लागला. १९९६ च्या यूएसबीमुळे रूपांतर त्या गजबजाटातून उचलून पेटीबाहेर नेणे सुलभ झाले. बाहेरचा डॅक हा प्रथमतः जागा बदलण्याचा उपाय आहे.

१८/
म्हणून खरेदीपूर्वी एक चाचणी. काहीही वाजवू नका. आवाज वाढवा आणि स्पीकरजवळ कान न्या. माउस हलविताना किंवा पान सरकविताना किरकिर बदलते का? बदलत असेल तर ती संगणकाच्या पोटातून येते आणि बाहेरचा डॅक उपयोगी पडण्याची शक्यता मोठी. आता तेच स्पीकर बॅटरीवर चालणाऱ्या फोनला जोडा. तरीही सूं-सूं राहिली, तर दोष स्पीकरचा वा ॲम्प्लिफायरचा. डॅक घेऊन काहीही साधणार नाही. आणि पहिल्यापासूनच शांतता असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

१९/
डॅक घ्यायचाच असेल तर काय पाहावे? २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ एवढी क्षमता पुष्कळ झाली. ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ हे आकडे पीएमपीओचे नवे वंशज समजा. स्वतंत्र ड्रायव्हर न मागणारे यंत्र बरे. विंडोजमध्ये यूएसबी ध्वनीच्या दुसऱ्या पिढीचा अंगभूत आधार २०१७ मध्ये, विंडोज १० च्या एका अद्ययावत आवृत्तीत आला. त्यापूर्वीच्या संगणकावर हे तपासून घ्या. स्पीकरला जोडण्यासाठी 'लाइन आउट' हवे. त्याचा रूढ दाब २ व्होल्ट. आवाज कमी-जास्त करण्याची खुंटी साखळीत एका ठिकाणी, हाताशी असावी.

२०/
आणि चिपच्या नावाचा मोह? २० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि जगभर डॅकच्या चिपांचा तुटवडा झाला. अनेक उत्पादकांना आपली यंत्रे दुसऱ्या कंपनीच्या चिपभोवती पुन्हा आखावी लागली. ती यंत्रे बाजारात तशीच मानाने टिकली. चिपइतकेच महत्त्व तिच्याभोवतीच्या वीजपुरवठ्याला व मांडणीला असते, हा या आगीचा धडा.

२१/
आता सातपूरचा खास प्रश्न : वीज. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. त्याच दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि भोवती कामगारांच्या वस्त्या वाढल्या. वेल्डिंग, मोठ्या मोटारी, त्यांचे वेगनियंत्रक यांचा उपद्रव विजेच्या तारांतून प्रवास करू शकतो. त्यात भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेले इन्व्हर्टर. त्यांतील स्वस्त जातीची वीज चौकोनी लहरींची असते आणि वीज गेल्यावर स्पीकरची घरघर वाढते. अशी घरघर महागड्या डॅकने जाईलच असे नाही.

२२/
सतत येणारी ५० किंवा १०० हर्ट्झची जाड गुणगुण बहुधा अर्थिंगच्या वेटोळ्यामुळे होते : संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडले जातात आणि त्या फेऱ्यात प्रवाह फिरतो. पहिला उपाय फुकटचा : दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावा. दुसरा : ऑप्टिकल केबल, प्रकाशातून संकेत जातो, तांब्याचा दुवाच उरत नाही. तिसरा : 'बॅलन्स्ड' जोडणी. तिचे मूळ थेट ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये पेटंट घेतलेल्या पिळलेल्या तारांच्या जोडीत आहे. एक गोष्ट मात्र कदापि करू नका : गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे. ती पिन जीव वाचविण्यासाठी आहे.

२३/
ॲम्प्लिफायर घेण्यापूर्वी स्पीकरच्या पाठीमागे पाहा. त्याला स्वतःची विजेची वायर असेल तर ॲम्प्लिफायर आतच आहे; दुसरा जोडू नका. लाल-काळ्या तारांची टोकेच असतील, तर तो 'पॅसिव्ह' आहे आणि ॲम्प्लिफायर हवा. तेव्हा स्पीकरचे ओहम यंत्राच्या मर्यादेत बसतात ना, ते पाहा. नवी सुरुवात करणाऱ्याने अंगभूत ॲम्प्लिफायरची चांगली जोडी घ्यावी, असे माझे मत. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा स्पीकरला द्यावा, कारण या साखळीत अजूनही सर्वाधिक चुका करणारा दुवा तोच आहे. स्पीकर कानांच्या उंचीला, भिंतीपासून थोडे पुढे ठेवण्याला तर काहीच पडत नाही.

२४/
हा सगळा खटाटोप इतिहासाच्या विद्यार्थ्याला का हवा? कारण आपली साधने आता ऐकू येऊ लागली आहेत. भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात झालेली ग्रामोफोन मुद्रणे आज संगणकावर ऐकता येतात. बाबासाहेब आंबेडकरांची १९५५ मधील बीबीसी रेडिओवरील मुलाखत आपण घरी बसून ऐकू शकतो. १९२५ पूर्वीच्या भोंग्याने केलेल्या मुद्रणांचा पल्ला ढोबळमानाने अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झचा. तेथे ७६८ किलोहर्ट्झ काय करणार? मात्र स्पीकरची गुणगुण एखादा उच्चार गिळून टाकू शकते, आणि उच्चार गेला की पुरावा गेला. बोलीतला 'ळ' की 'ल', उत्तरापूर्वीचा विराम, वाक्याच्या शेवटी उतरलेला सूर : लिखित प्रतीत हे नसते.

२५/
सुरुवातीला उल्लेखिलेली नाशिक रोडची शाखा म्हणजे मोटवाने मॅन्युफॅक्चरिंग. ती विद्युत्-मापनाची उपकरणे बनविते. आयटीआयच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांतून 'मोटवाने'चा काटेवाला मल्टिमीटर अनेकांनी हाताळला असेल. आवाज वाढविण्यासाठी प्रसिद्ध झालेल्या घराण्याचे नाव आज मोजण्याच्या यंत्रावरही आहे. आपल्या खरेदीला हीच दुसरी बाजू अधिक उपकारक. घरातील वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांतील दाब मोजून घ्या. तो थोडक्या व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर पहिला खर्च अर्थिंगवर करा.

२६/
सारांश : आधी शांततेची चाचणी. मग अर्थिंग. मग स्पीकर आणि त्यांची जागा. त्यानंतर, गरज सिद्ध झाली तरच, साधा डॅक. आणि पॅसिव्ह स्पीकर असतील तरच खऱ्या २०-३० वॉटचा ॲम्प्लिफायर. खोक्यावरील आकड्याऐवजी अडॅप्टरवरील आकडा वाचावा.
आपल्या घरी ४४४० चा बोर्ड, जुना ध्वनिक्षेपक किंवा 'शिकागो रेडिओ'ची पाटी असलेले काही असेल, तर त्याचे छायाचित्र आणि हकिगत खाली अवश्य लिहा. ही साधने भंगारात जाण्यापूर्वी त्यांची नोंद व्हायला हवी.
थ्रेड समाप्त.